अंगणातला साप : मारावा की जाऊ द्यावा?

मुळशी तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी सुरू होते. कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर येतात, झोडणी होते, दाणे कणगीत जातात आणि पेंढ्याची उडवी घराच्या मागच्या अंगाला रचली जाते. माणसांचा हा सुगीचा काळ. उंदरांचाही तो सुगीचाच! शेतातले उंदीर भाऱ्यांच्या मागोमाग घरापर्यंत येतात, पेंढ्यात घरे करतात, आणि काही दिवसांनी त्यांच्या मागावर आणखी एक पाहुणा येतो. संध्याकाळी गोठ्यात वैरण टाकायला गेलेले कोणीतरी ओरडते, "साप! साप!" शेजारपाजारची माणसे धावतात. कोणाच्या हातात काठी असते, कोणाच्या हातात कुदळ. दोन मिनिटांत सारे आटोपते. मग चर्चा सुरू होते, की तो साप होता तरी कोणता!

अशा वेळी दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, "विषारी जनावर ते, दिसले की ठेचायचे." दुसरे म्हणतात, "साप शेतकऱ्याचा मित्र आहे, त्याला मारू नका." हे दुसरे वाक्य तुम्ही शाळेच्या भिंतीवरही वाचले असेल. पण ज्या घरात लहान मूल जमिनीवर गोधडी टाकून झोपते, त्या घरातल्या आईला ते ऐकवून पाहा. "मित्र असेल, पण तो माझ्या मुलाच्या उशाशी नको," असेच ती म्हणेल. आणि तिचे काही चुकत नाही.

तेव्हा हा प्रश्न घोषणांनी सुटणारा नाही. विषारी साप मारल्याने नेमके काय साधते, काय साधत नाही, आणि मारणे केव्हा क्षम्य ठरते, याचा विचार जरा सावकाशीने करायला हवा.

आधी माणसांची बाजू पाहू, कारण सापांविषयी प्रेमाने लिहिणारे पुष्कळदा तीच विसरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतला चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग पंधरा वर्षांखालील मुलांचा, म्हणजे तुमच्याच वयाच्या आणि तुमच्याहून लहान मुलांचा होता. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाच्या चार महिन्यांत झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले, त्याचे कारणही हेच. तो मुख्यत्वे गरिबांना, शेतात राबणाऱ्यांना आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना गाठतो. 'सापाला घाबरू नका' असे सांगण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर असू द्यावेत.

आता सापांकडे वळू. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, परंतु सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू चारच जातींमुळे होतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः चेतासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास चालवणारे स्नायू लुळे पडतात. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. मुळशीच्या भातखाचरांच्या बांधांवर, गोठ्यांत आणि घरांच्या आसपास गाठ पडते ती बहुधा नाग, घोणस आणि मण्यार यांच्याशी. फुरसे उघड्या, खडकाळ माळाला राहणारे. ताम्हिणीच्या बाजूला झाडीत वर चढलात, तर बांबूच्या बेटात हिरवागार चापडाही दिसेल. तोही विषारी आहे. त्याच्या दंशाने भयंकर वेदना आणि सूज येते, पण माणूस क्वचितच दगावतो.

या विषारी सापांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहून अधिक संख्येने, बिनविषारी साप आपल्या अवतीभवती असतात आणि काठी पडते ती पुष्कळदा त्यांच्यावर. लांबलचक, चपळ धामण 'नाग' म्हणून मारली जाते. तिला ना फणा, ना विष. उंदीर खाण्यात मात्र तिचा हात धरणारे कोणी नाही. (सापाला हात नसतात हे मान्य!) कवड्या हा घरात शिरणारा लहानसा साप मण्यार समजून मारतात. डुरक्या घोणशीला नाव घोणशीचे, अंगावर ठिपकेही तसेच, पण ती पूर्णपणे बिनविषारी. बिचारीचा बळी नावामुळे आणि रूपामुळे जातो. मण्यारीच्या पांढऱ्या आडव्या रेघा बहुधा जोडीजोडीने असतात, मानेपाशी पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे पट्टे उलट मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. वाचायला हा फरक सोपा आहे. पण चिमणीच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, छाती धडधडत असताना, हा फरक पाहण्याचा प्रयत्न तुम्ही करू नये. न ओळखलेला प्रत्येक साप विषारी समजून दूर राहावे, हे उत्तम. मात्र 'विषारी समजून दूर राहणे' आणि 'विषारी समजून मारणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साप आपल्या मागे लागतो का? १९८० सालच्या जानेवारीत पुण्यात एक विलक्षण प्रयोग झाला. नीलिमकुमार खैरे हा तरुण काचेच्या खोलीत ७२ विषारी साप सोडून त्यांच्यासह ७२ तास राहिला. साप त्याच्या अंगाखांद्यावरून फिरले, पण त्याला एकही दंश झाला नाही. त्यांच्याच पुढाकाराने १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. हा प्रयोग कोणीही पुन्हा करू नये, हे सांगायला नकोच. त्यातून सिद्ध काय झाले, हे मात्र नीट समजून घेऊ. डिवचले नाही तर साप माणसावर चाल करून येत नाही, एवढे त्यातून दिसले. आणि ते पटण्याजोगे आहे. विष हे सापाचे भक्ष्य मारण्याचे साधन. ते तयार करायला त्याच्या शरीराला खर्च पडतो. जो प्राणी गिळता येणार नाही त्याच्यावर ते उधळण्यात सापाचा तोटाच आहे. म्हणून तर नाग आधी फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते, फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. 'दूर हो' असे सांगण्याच्या या पद्धती आहेत. डूख धरणे, जोडीदाराचा सूड घेणे वगैरे गोष्टी चित्रपटापुरत्या ठीक. एवढा हिशेब ठेवण्याजोगा मेंदू सापाला नाही.

परंतु अंधारात अनवाणी पाय थेट घोणशीवर पडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर काचेच्या खोलीतल्या प्रयोगात नाही. पाय पडणे हेच मोठे डिवचणे आहे. आणि मण्यार तर इशाराही देत नाही. रात्री उंदीर किंवा दुसरे साप शोधत ती घरात फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात शिरते आणि माणसाने कूस बदलली की चावते. तिचे दात बारीक असतात. पुष्कळदा झोपमोडही होत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, डोळे उघडेनासे होतात, आणि घरच्यांना वाटते काहीतरी खाण्यात आले. म्हणजे सापाचा हेतू वाईट नसूनही माणूस मरू शकतो. नीतीचा प्रश्न अवघड होतो तो इथेच. गुन्हेगार कोणीच नसतो. धोका मात्र खराच असतो.

मग मारून टाकल्याने धोका जातो का?

त्या एका सापापुरता जातो, हे खरेच आहे. पण पेंढ्यातले उंदीर तसेच राहिले, तर मोकळी झालेली जागा दुसरा साप घेतो. याचा फार मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यांना इनाम लावले होते. लोकांनी लाखांच्या हिशेबात फुरशी मारून कचेरीत आणून टाकली. कोकणातल्या कातळांवरचे दगड उलथून उलथून लोक फुरशी शोधत. आज रत्नागिरीत फुरसे आहे का? आहे, आणि त्याच्या दंशाचे रोगीही दवाखान्यात येतात. जिथे भक्ष्य आणि आडोसा आहे, तिथे लाखो काठ्यांनीही साप संपत नाही. सरकारी तिजोरीतले पैसे मात्र संपले असतील!

शिवाय मारायला जाणे हाच एक मोठा धोका असतो. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच झेप घेऊ शकतो. दोन-तीन मीटर लांब उभा असलेला माणूस त्यामुळे जवळजवळ निर्धास्त असतो. काठी घेऊन पुढे सरसावला की तोच माणूस झेपेच्या टप्प्यात येतो. 'मेला' म्हणून शेपटीला धरून उचललेला साप चावल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत.

यामागे शरीरशास्त्राची एक गोष्ट आहे. साप थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या पेशींना प्राणवायू कमी लागतो. म्हणून डोके धडावेगळे झाल्यावरही त्याचा मेंदू लगेच मरत नाही. तुटलेले डोके काही वेळ, कधी कधी तासभरदेखील, चावू शकते आणि विषही सोडू शकते. हे झाले आपल्या सावधगिरीसाठी. पण याच गोष्टीचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. ठेचलेला साप आपल्याला वाटतो तितक्या चटकन मरत नाही. त्याला वेदना जाणवणारे मज्जातंतू आहेत, आणि अर्धवट ठेचून कुंपणावर टाकलेला साप बराच वेळ जिवंत असू शकतो. सस्तन प्राण्यासारखा तो ओरडत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही, इतकेच.

असो. सापाला वेदना होतात म्हणून माणसाने मरावे, असे कोणी म्हणणार नाही, आणि आपला कायदाही तसे म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस यांसारख्या सापांना संरक्षण दिले आहे. त्यांना मारणे, पकडून ठेवणे, त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात म्हटले आहे, की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्भावनेने, वन्य प्राण्याला मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा होत नाही. कलमात 'सद्भावना' हा शब्द आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. बचाव खराच हवा. बचावाचे निमित्त नको.

या दृष्टीने काही प्रसंग कल्पून पाहू. पहिला प्रसंग : रात्रीचे दोन वाजले आहेत, पाऊस कोसळतो आहे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या वाडीत एका खोलीच्या घरात मुलाच्या अंथरुणाजवळ मण्यार आहे. फोनला आवाज येत नाही, सर्पमित्र वीस कोसांवर. मुलाला उचलून सगळ्यांनी बाहेर पडावे, हे पहिले काम. पण पावसात जायचे कुठे, आणि साप सामानामागे दडून बसला तर उद्या झोपायचे कुठे? त्या घरातल्या बापाने मण्यार मारली, तर पुण्यातल्या पक्क्या घरात पलंगावर झोपणाऱ्या आपण त्याला नावे ठेवू नयेत. माझ्या मते ती हत्या दुर्दैवी आहे, अन्याय नाही.

दुसरा प्रसंग : तोच साप दिवसाढवळ्या अंगण ओलांडून बांधाकडे निघाला आहे. धोका टळतो आहे, त्याची पाठ आपल्याकडे आहे. इथे धावत जाऊन काठी घालणे याला बचाव म्हणता येणार नाही. मुले-कोंबड्या आत घ्या, एकाने लांबून नजर ठेवा, तो कुठे जातो ते पाहा, पुरे.

तिसरा प्रसंग मुळशीत अलीकडे वारंवार घडण्याजोगा आहे. हिंजवडीपासून पश्चिमेला सरकत डोंगरउतारांवर सुटीत येऊन राहण्याचे बंगले झाले आहेत. बंगल्याभोवती दगड रचून केलेली बाग, कारंजे, हिरवळ. कारंज्यात बेडूक, दगडांत उंदीर, म्हणजे सापाला आवतणच! शनिवारी मालक येतात, साप पाहतात आणि रखवालदाराला फर्मावतात, "मारून टाक." किंवा याउलट, मालक प्राणिप्रेमी असतात आणि म्हणतात, "अजिबात मारायचा नाही हं." दोन्ही वेळा धोका पत्करतो तो रखवालदार. रविवारी रात्री मालक परततात. रखवालदाराचे कुटुंब त्याच आवारातल्या पत्र्याच्या खोलीत जमिनीवर झोपते. दया करायला सांगायची तर त्या दयेचा खर्चही सांगणाऱ्याने उचलावा. रखवालदाराला खाट, मच्छरदाणी, चांगली बॅटरी आणि गमबूट द्यावेत, खोलीच्या भिंतीतल्या फटी बुजवून द्याव्यात, मग सापावर प्रेम करावे.

आणि रानातला साप? पूर्वी गावोगावची माणसे सशा-डुकरांच्या मागे पारधीला निघत, तेव्हा वाटेत आडवा आलेला साप सहज मारला जाई. पुढे १९७२ च्या कायद्याने आणि १९९१ सालच्या दुरुस्तीने शिकारीलाच बंदी झाली, आणि २०१३ साली ताम्हिणीचा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. वर सांगितलेल्या कलमाला जोडून कायद्यात एक मार्मिक अट आहे : जो माणूस त्या वेळी याच कायद्याविरुद्ध कृत्य करीत होता, त्याला बचावाची सबब सांगता येत नाही. म्हणजे चोरटी शिकार करायला गेलो, साप फणा काढून उभा राहिला, म्हणून मारला, असे म्हणून सुटका नाही. कायद्याची ही अट मला नीतीच्या दृष्टीनेही बरोबर वाटते. घरात शिरलेल्या सापाने आपली जागा घेतलेली असते. रानात आपण त्याच्या जागेत गेलेलो असतो, तेही बहुधा हौसेने. मागे सरायला वाट असते. दोन पावले मागे घेतली की प्रसंग संपतो. पावसाळ्यात रात्री ओढ्यावर खेकडे धरायला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. ते हौसेने नव्हे, कालवणासाठी जातात. पण त्यांनाही साप मारण्यापेक्षा गमबूट आणि दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपणे, हेच जास्त वाचवते.

मारायचे नाही तर पकडून लांब जंगलात सोडावे, असे तुम्ही म्हणाल. आज गावोगाव सर्पमित्र आहेत आणि त्यांच्यातल्या जाणत्यांनी कितीतरी साप आणि माणसेही वाचवली आहेत. तरी हा उपायही वाटतो तितका निर्मळ नाही. अमेरिकेत रॅटलस्नेक जातीच्या सापांच्या शरीरात लहान रेडिओ यंत्रे बसवून त्यांना दूरच्या रानात सोडण्यात आले आणि मूळ जागेच्या सापांशी त्यांची तुलना केली गेली. दूर सोडलेले साप दिशाहीन भटकत राहिले आणि त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण पुष्कळ जास्त निघाले. कारण उघड आहे. सापाला आपल्या टापूतली बिळे, पाणी, थंडीत दडण्याच्या जागा ठाऊक असतात. परक्या मुलखात तो बेघर होतो. म्हणून पकडलेला साप शक्यतो जवळपासच्या योग्य जागी सोडावा, असे जाणकार सांगतात. आणि जवळ सोडलेला साप पुन्हा येणार नाही, याची हमी कोण देणार? पुन्हा आपण त्या पेंढ्याच्या उडवीपाशीच येतो. तमाशा करणाऱ्या, फोनवर चित्रफीत काढत नागाशी खेळणाऱ्या 'सर्पमित्रां'बद्दल तर न बोललेलेच बरे. त्यांच्यातले काही त्यातच प्राणाला मुकले आहेत.

साप मारायचा की नाही, हा प्रश्न खरोखर सुटतो तो साप येण्याच्या पुष्कळ आधी. उडवी, सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला लागून नकोत, शक्य तितक्या दूर हव्यात. धान्याची कणगी उंदरांना शिरता येणार नाही अशी हवी. उंबऱ्याखालची फट, कुडातली भोके बुजवावीत. रात्री मोरीकडे जातानाही बॅटरी हवी. आणि झोपायला खाट. तीवर मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. हा साधा उपाय कमी लेखू नका. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळच कमी होतात, असे दिसून आले. एका मच्छरदाणीत डास, विंचू आणि मण्यार, तिघांचाही बंदोबस्त होतो.

एवढे करूनही दंश झालाच तर? चावलेला अवयव हलवू न देता, फळी बांधून, रोग्याला धीर देत, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत. जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे आणि मांत्रिकाकडे वेळ घालवणे, या चारही गोष्टी घातक आहेत. ताम्हिणीच्या बाजूच्या वाड्यांतून पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा घाटरस्ता लांबचा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

दवाखान्यात जे औषध मिळते त्याची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. जिवंत सापांचे विष काढून ते अगदी अल्प, हळूहळू वाढत्या मात्रेत घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून प्रतिविष बनते. फ्रान्समध्ये काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात ही पद्धत शोधली, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेत अनेक दशके हे औषध तयार होत आले आहे. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकत्रित चालते. त्यासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणात पुरवते ती तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था. पूर्वी हीच माणसे कातड्यासाठी साप मारीत. आता ती साप पकडून, काही दिवस ठेवून, विष काढून पुन्हा रानात सोडतात. ज्या चार सापांनी माणसे मरतात, त्यांच्याच विषावाचून माणसे वाचवण्याचे औषध तयार होत नाही!

यातून आणखी एक गैरसमज दूर होईल. 'कोणता साप होता ते डॉक्टरांना कळायला हवे' म्हणून माणसे रोग्याला सोडून सापाच्या मागे लागतात, त्याला मारून पिशवीत घालून आणतात, आणि या खटाटोपात कधी दुसऱ्यालाही दंश होतो. याची जरुरी नाही. औषध चारही विषांवर एकच आहे आणि डॉक्टर ते लक्षणे पाहून देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते. सापाने मूल पाहून विष कमी सोडलेले नसते, म्हणून.

शिक्षकांसाठी एक सूचना. पाऊस सुरू होण्याआधी, मे-जूनमध्ये शाळा उघडताना, वर्गाने आपल्या गावाची एक पाहणी करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा कागद करावा : पेंढा, सरपण, गोवऱ्या भिंतीपासून किती पावलांवर आहेत, घरात उंदरांची बिळे किती, रात्री बाहेर जाताना बॅटरी असते का, प्रतिविष मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, वनखात्याचा आणि जाणत्या सर्पमित्राचा फोन क्रमांक भिंतीवर लिहिलेला आहे का. गेल्या वर्षी किती साप दिसले, किती मारले, हा रकानाही ठेवावा, आणि त्यावरून मुलांना रागावू नये, नाहीतर पुढच्या वर्षी तो रकाना कोराच येईल. सर्वांत वर मात्र एक रकाना हवा : घरात जमिनीवर किती जण झोपतात. सगळे कागद जमले की त्या रकान्यातले आकडे फळ्यावर मांडावेत आणि ग्रामपंचायतीच्या सभेत खाटा-मच्छरदाण्यांची मागणी करताना ते बरोबर न्यावेत.